खुर्ची क्रमांक सात

"टेबल खुशाल बदल, पोरी. खिडकी घे, उजेड घे, हवं तर माझी लाल पेन्सिलही घे. पण खुर्ची तुझी तू उचलून ने. हे ऑफिस माणसाला ओळखत नाही, खुर्चीला ओळखतं."

पुढेकाकांनी निवृत्त होताना, हातात निरोपाचा गुच्छ धरून, मला हे सांगितलं. मी "हो हो, काका" म्हटलं. असं "हो हो" मी दिवसातून चाळीसेक वेळा म्हणते. सासूबाईंना म्हणते, समोरच्या काकूंना म्हणते, डॉक्टरांना तर आत शिरायच्या आधीच म्हणते. त्याचा अर्थ 'ऐकलं' असा असतो, 'करीन' असा नसतो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. काकांना माहीत नव्हतं, कारण त्यांच्याशी मी तोवर खरं बोलत आले होते.

आधी आमचं काम सांगते. शहरभर बसथांब्यांवर जी वेळापत्रकं लावलेली असतात ना, ज्यांच्याकडे बघून तुम्ही चिडता, ती छापायला जाण्यापूर्वी आम्ही तपासतो. आमच्या खोलीत चारच माणसं, म्हणजे दोन जोड्या. जोडीतला एक जण मूळ कागदावरून मोठ्याने वाचतो, दुसरा छापील प्रतीवर खूण करतो. "मार्ग बारा. पहिली बस सहा वीस." खूण. आणि खूण झाली की खूण करणाऱ्याने "पुढे" म्हणायचं. बाकीचे नुसती मान हलवतात, काका मात्र प्रत्येक खुणेला "पुढे" म्हणत. चौतीस वर्षं. दिवसाला हजारेक वेळा. लग्नसमारंभात कुणी भाषण करताना अडखळलं, की मागच्या रांगेतून शांतपणे "पुढे" यायचं. म्हणून ते पुढेकाका. चार वर्षं मी वाचत होते आणि ते "पुढे" म्हणत होते. माझ्या लग्नाहून ही जोडी जास्त सुरळीत चालली, असं मी नवऱ्याला सांगितलंय आणि त्याने ते मान्य केलंय.

दुसरी जोडी मोठ्या बाई आणि गवई यांची. गवई गात नाही, पण वेळा अशा लयीत वाचतो, की 'आठ पस्तीस'ला आपोआप मान डोलते. मोठ्या बाई त्याच्या समोर बसून खुणा करतात आणि त्याने फारच आळवलं तर पेन्सिल टेबलावर आपटतात.

आता काकांची खिडकी. तिच्यातून रस्त्यापलीकडच्या पाळणाघराची गॅलरी दिसते. त्या गॅलरीत, कुंड्यांच्या मागे, दिवसभर सहा-सात पोरं सोडतात. त्यातली पिवळ्या टोपीतली चौदा महिन्यांची माझी. टोपी मुद्दाम पिवळी घेतली. दुकानदार म्हणाला गुलाबी छान दिसेल. मी म्हटलं, छान दिसायला नको, लांबून दिसायला हवी.

पाळणाघराच्या बाई तशा चांगल्या आहेत. पण फोन केला की त्यांचं एकच उत्तर, "बरी आहे." बरी आहे म्हणजे काय? खाल्लं का? किती खाल्लं? रडली तर कोणत्या प्रकारचं रडली? माझ्या मते 'बरी आहे' ही माहितीच नव्हे. तो फोन ठेवण्याचा एक प्रकार आहे. तेव्हा काका गेले आणि मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या टेबलावर माझा डबा, बाटली आणि दुर्बीण... नाही, दुर्बीण नंतर आणली. ते राहू दे.

खुर्ची मात्र मी आणली नाही. माझी सात नंबरची एका पायाने लंगडी होती. काकांची चार नंबरची हाताची, रुंद, पाठीला आधार देणारी. पोर कडेवर वागवून माझी कंबर सरकारी कपाटासारखी कुरकुरत होती. शिवाय सहा फूट खुर्ची ओढत नेणार कोण? आमच्या ऑफिसात प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर मागच्या बाजूला पांढऱ्या रंगात आकडा काढलेला असतो. हे मला माहीत होतं. जसा आपल्याला आपल्या मानेमागचा तीळ माहीत असतो तसं.

आठवड्याने साहेबांनी एक पिवळा फॉर्म माझ्या पुढ्यात टाकला. "मॅडम, काकांच्या जागी माणूस घ्यायचाय. नवा माणूस तुमच्याच जोडीला बसणार, तेव्हा मुलाखती तुम्हीच घ्या. मी सही करीन."

आयुष्यात पहिल्यांदाच मी टेबलाच्या योग्य बाजूला बसणार होते! आनंदात मी तो फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता, 'रिक्त खुर्चीचा क्रमांक'. मी वर पाहिलं. खोलीत एकच खुर्ची रिकामी होती, भिंतीजवळची. तिच्या पाठीवरचा आकडा वाचला आणि सुवाच्य अक्षरात लिहिला. सात.

दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून मी घर चालवते, हे लक्षात असू द्या.

मुलाखती घ्यायच्या ही बातमी घरी कळली आणि घराचं निवड मंडळ झालं. समोरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि तासभर बसल्या. "चपला बघ. बाहेर काढलेल्या चपला. एक इकडे, एक तिकडे असली तर तो माणूस घेऊ नकोस."

"काकू, ऑफिसात चपला काढत नाहीत."

"मग काढायला लाव. तुझं ऑफिस आहे ना?"

सासूबाई म्हणाल्या, "काठोकाठ भरलेला चहा दे. न सांडता पितो का बघ." नवरा, जो स्वतः कधीही न सांडता प्यायलेला नाही, वर्तमानपत्राआडून म्हणाला, "मला कुणी असं तपासलं नव्हतं." सासूबाई म्हणाल्या, "तेच चुकलं." आता हे त्यांच्या मुलाबद्दल की माझ्या आईवडिलांबद्दल, ते मी विचारलं नाही.

मी शिकलेली बाई. मी प्रश्नावली केली. पोरगी झोपली की मी तिच्या पाळण्याला एका पायाने झोका देत प्रश्न लिहायची. एकतीस प्रश्न झाले, प्रत्येकाला तीन गुण, आणि नीटनेटकेपणाचे सात. प्रश्न सतरा, 'तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?' प्रश्न तेवीस, 'कामाच्या वेळेत तुमचं लक्ष दुसरीकडे जातं का?' आणि शेवटी प्रत्यक्ष चाचणी. उमेदवारांच्याच जोड्या लावून एकाने वाचायचं, एकाने खूण करायची. जोडीत ज्याचं जमत नाही, तो कितीही हुशार असला तरी या खोलीत उपयोगाचा नाही, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं.

साहेबांना ती दाखवली. त्यांनी खाली पेनने एक वाढवला, 'घरी लहान मूल आहे का?' मी तो खोडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, याला गुण कसे द्यायचे? मूल असेल तर तीन की नसेल तर तीन?" साहेब उठून चहाला गेले. ही एक लढाई मी जिंकले, आणि ती पुढे माझ्या किती उपयोगी पडणार होती याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिल्या दिवशी पाच उमेदवार आले. पहिला प्रत्येक प्रश्नाला "हो, नक्की" म्हणाला. दोष कोणता? "हो, नक्की." दुसऱ्याबरोबर त्याची आई आली होती. मी विचारायचे त्याला, उत्तर द्यायची ती, आणि उत्तरं इतकी चांगली होती की मी शेवटी तिलाच विचारलं, "तुम्ही का नाही अर्ज करत?" ती म्हणाली, "मग याला सकाळी उठवणार कोण?" मी समजू शकले. माझी चौदा महिन्यांची आहे, पण वीस वर्षांनी मीही अशीच दाराबाहेर असणार.

तिसरे गृहस्थ बसस्थानकावर घोषणा करून निवृत्त झालेले. आवाज असा, की त्यांनी मार्ग चौदाच्या वेळा वाचल्या आणि आम्ही सगळे कामं सोडून ऐकत बसलो. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खूण मात्र एकाही वेळेवर झाली नाही. गवई दिवसभर कुणाशी बोलला नाही. चौथा प्रश्नावली बघूनच, पाणी पिऊन येतो म्हणून जो गेला, तो अजून पाणीच पितोय.

पाचवी एक मुलगी. पंचविशीची, जाड चष्मा, वेणी घट्ट. बसली, प्रश्नावलीवर एक नजर टाकली आणि म्हणाली, "मॅडम, यात एकोणीस नंबर दोनदा आलाय. म्हणजे प्रश्न एकतीस नाहीत, बत्तीस आहेत. एकूण गुण शंभराच्या वर जातात."

गवईने पेन्सिल खाली ठेवली.

मी म्हटलं, "ती चाचणी होती. कुणाच्या लक्षात येतं ते बघत होते."

"अच्छा," ती म्हणाली. "आणि सव्विसाव्यात शेवटचा पूर्णविराम नाही, तीही चाचणी का?"

मी तिला नीटनेटकेपणात सातपैकी दोन दिले. आज मला त्याची लाज वाटते. त्या दिवशी वाटली नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, "काही काही माणसांना संघात मिसळताच येत नाही." तो म्हणाला, "बरोबर होतं का तिचं?" मी पोरीचा लंगोट बदलायला उठून गेले. एरवी तो बदलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सही करायला हजेरीपट उघडला, तर माझ्या नावावर लाल रेघ. समोर लिहिलेलं, 'रिक्त'.

मी दोनदा वाचलं. मग खिडकीतून पिवळी टोपी आहे ना ते पाहिलं, कारण संकट आलं की मी आधी ते बघते. होती. मग वरच्या मजल्यावर आस्थापना विभागात गेले. तिथे भाऊसाहेब बसतात. भाऊसाहेब म्हणजे अतिशय सभ्य माणूस. आजवर त्यांनी कुणाला नाही म्हटलेलं नाही. ते फक्त नियम सांगतात.

"भाऊसाहेब, माझ्या नावावर रेघ आहे."

"बसा ना, मॅडम," म्हणाले, आणि लगेच, "नाही, नका बसू. ही बारा नंबरची आहे, उगाच आणखी घोळ. तर काय? तुम्ही खुर्ची सात. सात रिक्त झाल्याचा फॉर्म आलाय. तुमच्याच हातचा. अक्षर सुंदर आहे हो."

"अहो, पण सातवर तर मी आहे!"

"तुम्ही सातवर बसता?"

"नाही. मी... चारवर बसते."

"चारवरचा कर्मचारी निवृत्त झाला, मॅडम. गुच्छ आम्हीच दिला."

"पण मी तुमच्यासमोर उभी आहे, भाऊसाहेब!"

"उभ्या आहात," भाऊसाहेब हळहळून म्हणाले. "तेच तर. बसलेल्या नाहीत."

मी म्हटलं चूक झाली, दुरुस्तीचा अर्ज देते. ते म्हणाले, अवश्य द्या, दुरुस्तीचा अर्ज संबंधित खुर्चीवरच्या कर्मचाऱ्याने द्यायचा असतो. मी म्हटलं, तो कर्मचारी मीच. ते म्हणाले, सात रिक्त आहे. मी म्हटलं, मग चारवरून देते. ते म्हणाले, निवृत्त माणसाला अर्ज देता येत नाही. अशा आम्ही तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला मला रडू यायला लागलं आणि भाऊसाहेबांनी टेबलावरचा टाचण्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. रुमाल सापडला नसावा.

"एक मार्ग आहे," ते हळूच म्हणाले. "सातची जाहिरात निघालीच आहे. अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. तुम्ही अर्ज करा. अनुभव आहे तुम्हाला."

"आणि निवड नाही झाली तर?"

भाऊसाहेबांनी नियमांचं पुस्तक मिटलं.

खाली उतरताना जिन्यात नोकरी गेली तर काय काय जाणार याची यादी मी पायरीपायरीला करत होते. घराचे हप्ते वगैरे नंतर. आधी जाणार होतं ते माझं अकरा ते पाच या वेळातलं, स्वतःच्या नावाने हाक मारलं जाणारं बाईमाणूस. घरी मी अमकीची आई, तमक्याची सून. इथे मी वाचायला बसले, की साहेबसुद्धा माझ्याकडे कागद सरकवून गप्प उभे राहतात. ते मी बाळंतपणात फार कष्टाने जपून ठेवलं होतं.

मी पुढेकाकांना फोन लावला. ते निवृत्तीनंतर लेकीकडे, दुसऱ्या शहरात राहायला गेले होते. फोन लेकीने उचलला. "बाबा बरे आहेत," ती म्हणाली. "झोपलेत."

सकाळचे साडेअकरा. काका चौतीस वर्षांत दिवसा झोपलेले मी ऐकलं नव्हतं. पण तेव्हा माझ्याच डोक्यावर छप्पर नव्हतं, तेव्हा मी "हो हो, उठले की सांगा" म्हणून फोन ठेवला.

अर्ज भरला. 'सध्या काय करता?' या रकान्यापाशी दहा मिनिटं थांबले. शेवटी लिहिलं, 'याच ठिकाणी मुलाखती घेते.' पावणेपाचला दिला. लगेच साहेबांचा निरोप. अर्जदाराला मुलाखत घेता येत नाही, तेव्हा समितीत आता साहेब, मोठ्या बाई आणि गवई. प्रश्नावली तीच, मुलाखती उद्या सगळ्यांच्या नव्याने.

घरी ही गोष्ट सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग उद्या चहा दिला तर सांडू नकोस." समोरच्या काकूंनी माझे बूट पुसून दिले. दोन्ही एका दिशेला तोंड करून दाराशी ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच खोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर, 'हो, नक्की' आणि एकोणीसवाली यांच्या मध्ये बसले. एकोणीसवाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही?" मी म्हटलं, "आजची चाचणी जरा वेगळी आहे." तिने चष्मा पुसला आणि पुढे काही विचारलं नाही. त्या क्षणी मला ती थोडी आवडली.

आत गेल्यावर साहेबांनी मला "बसा" म्हटलं. मी बसण्याआधी खुर्ची फिरवून पाठीवरचा आकडा पाहिला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा 'सावध'.

आता एक गोष्ट सांगते. स्वतः लिहिलेले प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासारखी शिक्षा नाही. गवईने ते लयीत वाचले. "सर्वांऽत मोठा दोष कोणता?" मी परवा दिवसभर उमेदवारांच्या उत्तरांना मनातल्या मनात हसत होते. "मी फार मेहनती आहे हाच दोष" म्हणणाऱ्याला मी शून्य दिलं होतं. आणि माझ्या तोंडून काय यावं? "मी फार बारकाईने बघते." मोठ्या बाईंनी पेन्सिल आपटली. "बाई, फॉर्म तूच भरलास ना?"

शून्य.

मग तेविसावा. गवईचा सूर उतरला. त्यालाही कळलं असावं. "कामाच्या वेळेत तुमचं लक्ष दुसरीकडे जातं का?"

खिडकी माझ्या डावीकडे होती. मी मान सरळ ठेवली होती, पण मानेला ते कळत होतं. 'नाही' म्हटलं असतं तर तीन गुण होते. मोठ्या बाई खाली बघत होत्या. त्या याच खोलीत असताना त्यांची दोन मुलं मोठी झाली, तेव्हा समोर पाळणाघरही नव्हतं.

"जातं," मी म्हटलं. "दर सात मिनिटांनी. त्या गॅलरीत एक पिवळी टोपी आहे. ती दिसली की परत येतं. पण ओळ चुकत नाही साहेब. बोट ओळीवर ठेवूनच बघते."

साहेब उठले, खिडकीपाशी गेले, वाकून बघितलं. "टोपी खाली पडलीये," म्हणाले. मी उठणार, तेवढ्यात, "हां, घातली. बसा." मग खुर्चीत बसत त्यांनी खोडलेल्या प्रश्नावरून बोट फिरवलं आणि कागद उलटा केला.

उरली प्रत्यक्ष चाचणी. चाचणीचा कागद मीच केला होता, सात चुका पेरून. मला सगळ्या पाठ. तो बाद झाला. साहेबांनी ढिगातून सगळ्यात वरचा कागद उचलला, पुढच्या महिन्याचा, मोठ्या बाई आणि गवई यांनी तपासून, शिक्का मारून छापायला निघालेला. "यात चुका नाहीत, पण वेग कळेल." आणि माझ्या नियमाप्रमाणे जोडी उमेदवारांचीच. 'हो, नक्की' आईला बरोबर न आणताही, तिलाच फोन करायला बाहेर गेला होता. उरली एकोणीसवाली.

ती वाचू लागली. आवाज कोरडा, सपाट, ना लय ना लाड. "मार्ग बारा. पहिली बस, सुटणार सहा वीस." मी खूण केली. ती थांबली. मीही थांबले. काहीतरी राहत होतं. खोलीतल्या सगळ्यांना जाणवत होतं. आणि माझ्या तोंडून आलं,

"पुढे."

गवईने चमकून मागे पाहिलं, जणू काका दारात उभे आहेत.

"दुसरी बस, सहा पन्नास." "पुढे." "सात वीस." "पुढे." काय सांगू तुम्हाला! दोन पानं झाली आणि मला वाटलं, ही आवाज देते तेव्हा माझी पेन्सिल आधीच तिथे पोचलेली असते. चार वर्षं मी वाचत होते, खूण करणं काय असतं मला माहीतच नव्हतं. काका तिकडे बसून हे सुख एकटे भोगत होते! तिसऱ्या पानावर मी एकदा खिडकीबाहेर पाहिलं. ती न सांगता अर्धा श्वास थांबली. टोपी दिसली. "पुढे."

पाचव्या पानावर ती म्हणाली, "मार्ग एकतीस. शाळेची बस. सुटणार सात चाळीस, शाळेपाशी पोचणार..."

"थांब," मी म्हटलं.

"थांबा," ती त्याच क्षणी म्हणाली.

मूळ कागदात आणि छापील प्रतीत, दोन्हीकडे बस सात बावीसला शाळेपाशी पोचत होती. सुटण्याच्या अठरा मिनिटं आधी.

मोठ्या बाई उठून आल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांच्याच हातची खूण त्या ओळीवर होती. गवई हळूच म्हणाला, "तिथे मी जरा लांबवलं होतं." दोनशे पोरं वाटेतल्या थांब्यांवर सकाळी सात वाजता जाऊन उभी राहणार होती. साहेबांनी छापखान्याला फोन लावला आणि कागद परत मागवला. माझ्या अंगात असं काही संचारलं होतं, की मला कुणी त्या वेळी विमानाचं वेळापत्रक दिलं असतं तरी मी तपासलं असतं.

पावणेपाच वाजता निकाल फळ्यावर लागला. मी मान वर करून, सावकाश, विजयी पावलांनी गेले.

पहिली, एकोणीसवाली. एक्क्याण्णव.
दुसरी, मी. एकोणनव्वद.

स्वतःच्या जागेवर मी दुसरी आले होते. नीटनेटकेपणात तिला परवा मी दोन दिले होते. काल बदललेल्या समितीने ते सात केले. मला तीनच. टेबलाच्या खणात दुर्बीण सापडली म्हणे.

एकोणीसवाली माझ्याजवळ आली. तिचा चेहरा पडला होता. "मॅडम, मी नाव मागे घेते. ही तुमची जागा आहे."

खरं सांगते, मला घ्यावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती जोडी मी पाहिली होती. ही गेली तर ते "पुढे" मी कुणाच्या आवाजावर म्हणणार? "गप्प बस," मी म्हटलं. "आणि फळ्यावरचा निकाल वाच. मोठ्याने. सगळा."

ती वाचू लागली. नावं, गुण, तारीख, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत जे कुणी वाचत नाही ते. "प्रतीक्षायादी सहा महिने वैध राहील. याच विभागात जागा रिक्त झाल्यास यादीतील पुढील उमेदवारास..."

"थांब."

मी तिचा हात धरला आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेले. भाऊसाहेब पिशवीत डबा भरत होते.

"भाऊसाहेब, खुर्ची चार. तिच्यावरचा कर्मचारी निवृत्त झाला ना?"

"झाला."

"त्याच्या जागेचा फॉर्म आला का तुमच्याकडे?"

भाऊसाहेबांनी फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "नाही आला. आला तो सातचा." त्यांचा डबा हळूच टेबलावर टेकला. "पण मॅडम, चारवर कुणीतरी बसतं असं ऐकलं."

"कोण बसतं?"

"तुम्ही."

"भाऊसाहेब, मी काय करतेय आत्ता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि त्या सभ्य माणसाच्या चेहऱ्यावर, तीस वर्षांच्या नोकरीत बहुधा पहिल्यांदा, हसू पसरलं. "उभ्या आहात," ते म्हणाले.

पिवळा फॉर्म मी तिथेच भरला. 'रिक्त खुर्चीचा क्रमांक' या रकान्याशी आल्यावर एकोणीसवालीला खाली पिटाळलं, खुर्ची उलटी करून बघून ये म्हणून. ती आली, म्हणाली, "चार." मी लिहिलं, चार. तिने वाचलं, चार. मी म्हटलं, "पुढे." साहेबांची सही जिन्यातच मिळाली. ते घरी निघाले होते आणि कशावर सही करतोय हे त्यांनी विचारलं नाही. या ऑफिसात त्यांचा हाच गुण सगळ्यांत मोठा.

भाऊसाहेबांनी शिक्का मारला. "प्रतीक्षायादीत पहिलं नाव?"

"माझं."

"मॅडम," ते म्हणाले, "बसा."

निकाल लागल्यापासून त्या शिक्क्यापर्यंत अकरा मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं मी बेकार होते. तेवढ्यात मी एक माणूस नोकरीला लावला आणि स्वतःला खिडकी मिळवली. आता चार माझी आहे. हाताची, रुंद, पाठीला आधार देणारी, आणि कागदोपत्री. एकोणीसवाली सातवर बसते. लंगड्या पायाखाली तिने जुनं वेळापत्रक घडी करून घातलंय, आधी तपासून. सासूबाईंनी आख्ख्या इमारतीला सांगितलं, की सूनबाईने एका दिवसात दोन खुर्च्या भरल्या. समोरच्या काकू म्हणतात, ते बूट मी पुसले होते.

साहेबांनी दुर्बीण परत दिली. म्हणाले, अधूनमधून मलाही देत जा.

खिडकीतून आता सगळं दिसतं. टोपी दिसते, टोपी काढून फेकणारा हात दिसतो, पाळणाघराच्या बाई ती उचलून पुन्हा घालतात तेही दिसतं. दिसत नाहीत ते फक्त पुढेकाका. त्यांचं ऐकलं नाही म्हणून हे सगळं झालं, आणि झालं ते बरंच झालं, हे त्यांना सांगायचंय. मी सहा वेळा फोन केला. सहाही वेळा लेक म्हणाली, "बाबा बरे आहेत."

'बरे आहेत' या उत्तरावर माझा किती विश्वास आहे ते तुम्हाला आता माहीत आहे. तिकीट काढलंय, पुढच्या रविवारी पोरीला घेऊन जाणार आहे. पण रविवारला अजून सहा दिवस आहेत. म्हणून विचारते. ते राहायला गेलेत ते शहर कदाचित तुमचंच असेल. तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीच्या टोकाशी नवीन आलेले एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ असतील, खिशाला लाल पेन्सिल. कुणाशी फार बोलत नसतील. जरा जाऊन बघा ना. कसे आहात असं विचारू नका, ते बरा आहे म्हणतील. जवळच्या थांब्यावरचं वेळापत्रक वाचून जा, आणि त्यांच्या शेजारी बसून मोठ्याने म्हणा, "मार्ग बारा. पहिली बस, सहा वीस."

आणि थांबा. ते काय म्हणतात ते मला कळवा.